माटुंग्यात रविवारचा नाश्ता: या चुका टाळा

रविवारी साडेदहाला घरातून निघायचं, अकराला मुंबईतल्या माटुंग्यात पोचायचं आणि हॉटेलच्या दारातली डोकी बघून "बाप रे, आज एवढी गर्दी?" म्हणायचं. आज कसली, दर रविवारी असते. इथली इडली-डोशाची दाक्षिणात्य हॉटेलं जुनी आहेत: रामाश्रय १९३९ पासून आहे, कॅफे मद्रास १९४० पासून; यांच्या दारातली रांग तुम्हाला बघून हटणार नाही. पण हाल होतात ते गर्दीमुळे कमी आणि आपण चुकीच्या तयारीने गेल्यामुळे जास्त. ही हॉटेलं टेबल भराभर रिकामं होण्यावर चालतात. पाय पसरून गप्पा मारायच्या असतील तर दुसरीकडे जा, किंवा आठच्या आत या.

चुकीच्या स्टेशनवर उतरणं

माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर, किंग्ज सर्कल हार्बरवर. रामाश्रय माटुंगा स्टेशनला पूर्वेकडे लागूनच आहे, कॅफे मद्रास किंग्ज सर्कलच्या बाजूला. बोरिवली-अंधेरीकडून येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिज या पादचारी पुलाने पलीकडे यावं, दादरला गाडी बदलायची गरज नाही. आणि शनिवारी रात्री मेगाब्लॉकची, म्हणजे रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात त्याची, बातमी बघून ठेवा. मध्य रेल्वेचा ब्लॉक बऱ्याचदा माटुंगा ते मुलुंडच असतो, साधारण अकरा ते चार. सकाळी सुखरूप आलात तरी डोशाने जड झालेलं पोट घेऊन परतताना अडकाल.

कार आणू नका. यावर जास्त काही बोलायची गरज नाही.

सहाजण मिळून एकच टेबल मागणं

खरी गंमत इथे असते. दारात वही घेऊन एकजण उभा असतो. नाव आणि माणसं लिहितो, पुकारतो, एकदा इकडेतिकडे बघतो, पुन्हा पुकारतो आणि पेनाने रेघ मारतो. तुम्ही तेवढ्यात समोर फुलं बघायला गेला असाल तर संपलं. "दोघं गाडी लावून येतायत" हे कारणही चालत नाही. सगळे हजर नसतील तर टेबल मागच्याला जातं, आणि ते बरोबरच आहे.

सहाजण असाल तर दोन-दोनची तीन नावं द्या, किंवा चार आणि दोन. दोघांचं टेबल पटकन लागतं. अनोळखी माणसांबरोबर बसायला लागेल, त्याला हो म्हणा. समोरचे आजोबा न विचारता काय मागवायचं ते सांगतात, आणि त्यांचा सल्ला मेन्यूकार्डापेक्षा भरवशाचा असतो.

नाव कटलंच तर आवाज चढवू नका. असं बोला:

"दादा, आमचं नाव गेलं का?"

"अहो, दोनदा पुकारलं."

"आई आहे सोबत, ऐकू नाही आलं. जरा बघा ना."

"इथेच उभे राहा, पुढचं देतो."

बहुतेक वेळा काम होतं. मात्र मग खरंच तिथेच उभं राहायचं.

बसल्यावर मेन्यू उघडणं

रांगेत अर्धा तास होता, तेव्हा काय केलं? वेटर आला की सगळ्यांची ऑर्डर एकदम द्या. त्यातही थोडं डोकं चालवा: इडली आणि रसम वडा तयार असतो, लगेच येतो, डोशाला तव्यावर नंबर लागतो. सगळ्यांनीच डोसे मागवले तर सगळेच उपाशी पाण्याचे ग्लास मोजत बसतात. वडा कुरकुरीत हवा असेल तर सांबार वेगळं मागा, नाहीतर बुडवूनच येईल. शिरा आहे का ते आधी विचारा. फिल्टर कॉफी मात्र पहिल्या ऑर्डरमध्ये सांगू नका. डोसा समोर आल्यावर सांगा, म्हणजे खाणं संपताना ती गरम मिळेल.

ऑर्डर विसरली गेली असं वाटलं तर ज्याने घेतली त्यालाच गाठा. तीन वेगवेगळ्या वेटरना सांगितलं की एकतर कोणीच आणत नाही किंवा तीन म्हैसूर मसाले येतात.

डोशाची रांग अगदीच लांब असेल आणि बारा वाजत आले असतील तर हट्ट सोडा. माटुंगा स्टेशनजवळच ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवून घरी जा.

दादरला जाताना पंचांग न बघणं

मराठी नाश्त्यासाठी प्रकाश किंवा आस्वादला जाणार असाल आणि रविवारी संकष्टी किंवा एकादशी आली असेल, तर साबुदाणा वड्यावर अख्खं दादर तुटून पडलेलं असतं. त्या दिवशी थालीपीठ, कोथिंबीर वडी, पीयूष यावर समाधान माना. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हबचा पुरस्कार मिळाला, म्हणून लोक लांबून येतात आणि "तिखट नाही" म्हणून तोंड वाकडं करतात. दादरची मिसळ आहे ती. घाम फुटेल अशी हवी असेल तर कोल्हापूरला जा.

बिल न वाचता पैसे देणं

अशा हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो. 'सर्व्हिस चार्ज' हा कर नाही. ४ जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही. दिसला तर शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. खिशात थोडी रोख ठेवा, कारण नेमकं बिल देतानाच यूपीआय फिरत बसतं आणि मागे चारजण तुमच्या खुर्चीकडे बघत उभे असतात.

घरच्यांसाठी काही न्यायचं असेल तर डोसा पार्सल घेऊ नका. वाफेने तो दादरपर्यंतसुद्धा कुरकुरीत राहत नाही. इडली घ्या, चटणी वेगळ्या पिशवीत बांधून मागा आणि शिरा उरला असेल तर तोही.