उसाचं पान डोळ्याला लागून गेलं, आता पहाटे डोळा ठणकतोय? हे वाचा

कारखान्यांची धुराडी पेटली, आता तोडणी, मागनं पाचट न् खोडव्याची कामं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मागच्या हंगामात फडात शिरताना पान सपकन डोळ्यावर घासलं. दोन दिवस डोळा लाल, पाणी, मग बरा झाला न् मी विसरूनबी गेलो. दीड महिन्यानी पहाटे मोटर चालू करायला उठलो, डोळा उघडला आणि सुई टोचल्यासारखी कळ, पाण्याची धार, उजेड सहन होईना, तासाभरात कमी. वाटलं कचरा गेला असंल. पण असं चार वेळा झालं तेव्हा कुठं डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो.

उसाच्या पानाची कड करवतीसारखी, त्यानं बुबुळावरचा पातळ पापुद्रा सोलतो. तो वरून दोन-तीन दिवसात भरतो पण खाली घट्ट बसायला महिने लागतात, रात्री डोळा कोरडा पडून पापणी त्याला चिकटते आणि सकाळी उघडली की पापुद्रा परत ओढून निघतो, म्हणून कळ उठल्या उठल्याच येते. मला झोपताना लावायचं मलम दिलं, तीन महिने रोज, दुखायचं थांबलं तरी सोडायचं नाही म्हणाले. फॅनचा वारा तोंडावर घेऊ नका, उठल्यावर डोळा चोळू नका, हळूच उघडा. एवढ्यानं नाही थांबलं तर डॉक्टर पट्टीसारखी लेन्स बसवतात.

आता खरी भीती. पाला, कुसळ, माती लागलेल्या डोळ्यात बुरशी शिरू शकते. दुखणं तासाभरात न जाता दिवसेंदिवस वाढतंय, धूसर दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर नको, फूल, म्हणजे बुबुळावर कायमचा पांढरा डाग, पडलं की नजर जाऊ शकते. मेडिकलमधनं मनानं ड्रॉप आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी फोफावते. मध, तूप, एरंडेल, दूध काहीच घालू नका. पट्टी बांधून डोळा झाकूबी नका. पान लागल्या लागल्या स्वच्छ पाण्यानं धुवा, बास, आणि तपासून घ्या.

बाजूनं बंद असलेला साधा प्लॅस्टिकचा चष्मा मिळतो, घामानं धुरकटतो खरं, तरी घाला. तोडणीवाल्या बायाबापड्यांनाबी आपणच घेऊन द्या, त्यांचा दिवस बुडला तर मजुरी बुडते म्हणून त्या दुखणं सांगतच नाहीत.