जीटीकेवेव्हमधला वेव्हफॉर्म वाचता येईल असा कसा करायचा

जीटीकेवेव्ह म्हणजे डिजिटल सर्किटच्या सिम्युलेशनमधले सिग्नल वेळेनुसार आखून दाखवणारं सॉफ्टवेअर. आमच्या लातूरकडची पोरं टेस्टबेंचमधले, म्हणजे सर्किट तपासायच्या कोडमधले, सगळे सिग्नल एकदम ओढून त्याच्या खिडकीत टाकतात, सगळं हिरवंगार, आणि वरून म्हणतात "सर, काहीच कळंना". कळणार कसं? आधी निम्मे काढा. क्लॉक, रिसेट वर, मग एकेका मॉड्यूलचे, मधे इन्सर्ट ब्लँकनं रिकामी ओळ. पत्ते हेक्समध्ये, काउंटर डेसिमलमध्ये, उणे आकडे साईन्ड डेसिमलमध्ये. रंग दोन-तीनच, आणि लाल तर द्यायचाच नाही, एक्स व्हॅल्यू, म्हणजे ० की १ ते ठरलेलंच नाही अशी, लाल दिसते, खरा घोटाळा त्यात लपतो.

आता खरी डोकेदुखी, स्टेट मशीन, म्हणजे एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमध्ये जाणारं सर्किट. कोडमध्ये तुम्ही आयडल, रीड, राईट अशी छान नावं दिलेली असतात, पण सिम्युलेशन सिग्नल ज्यात नोंदवतं त्या व्हीसीडी फाईलमध्ये स्टेटचे नुसते बिट जातात, नावं जातच नाहीत, म्हणून स्क्रीनवर ५ दिसतो आणि आपण कोड उघडून बोटं मोजत बसतो. कुणी सांगतं कागदावर यादी करून शेजारी ठेवा. कशाला? साधी टेक्स्ट फाईल करा, एका ओळीत आधी व्हॅल्यू, मग स्पेस, मग नाव. मग सिग्नलवर राईट क्लिक, डेटा फॉरमॅट, ट्रान्सलेट फिल्टर फाईल, एनेबल अँड सिलेक्ट.

इथं मी व्हायवाच्या आदल्या रात्री दोन तास घालवलेत. फाईल ॲड केली, ओके केलं, काहीच बदल नाही, पुन्हा ॲड, पुन्हा ओके, शेवटी वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं. ॲड केल्यावर यादीतल्या त्या नावावर क्लिक करून ते निवडावं लागतं, मगच ओके! आणि दुसरी खोड अशी की व्हॅल्यू स्क्रीनवर ज्या फॉरमॅटात दिसते त्याच फॉरमॅटात फाईलमध्ये पाहिजे. तीन बिटचा सिग्नल बायनरीत ठेवला असेल अन् फाईलमध्ये ५ लिहिला तर जुळणार नाही, तिथं १०१ पाहिजे. मी तर आधी हेक्स करतो, मगच फाईल लिहितो. नावाआधी दोन प्रश्नचिन्हांत इंग्रजीत रंग लिहिला की तेवढी स्टेट त्या रंगात येते, एरर स्टेटला मी नारिंगी देतो.

सर्किटच डिजिटल फिल्टरचं असेल तर त्याच्या आउटपुटला डेटा फॉरमॅटमध्ये ॲनालॉग, स्टेप करा, आणि खाली इन्सर्ट ॲनालॉग हाईट एक्स्टेन्शन दोन-तीनदा टाका, नाहीतर लाट चपटीच राहते.

हे सगळं झालं की लाईट जायच्या आत राईट सेव्ह फाईल करा. पुढच्या वेळी कमांडमध्ये व्हीसीडीच्या मागं तीच फाईल दिली की मांडणी जशीच्या तशी येते, फक्त ती टेक्स्ट फाईल तिच्या जागेवरून हलवू नका.