लहान शेतावरील हंगामी कार्यक्रमांची आखणी

लहान शेतावर लोकांना बोलावून हंगामी कार्यक्रम सुरू करायचा असेल, तर आधी शेताचे वर्षभराचे वेळापत्रक कागदावर मांडावे आणि कार्यक्रमाची कल्पना त्यानंतर ठरवावी. बारा महिन्यांचे रकाने आखून प्रत्येकात तीन नोंदी कराव्यात: त्या महिन्यात शेतात पाहण्यासारखे किंवा हाताने करण्यासारखे काय असते, घरच्या माणसांवर कामाचा किती भार असतो आणि जमीन व हवामान कसे असते. हे रकाने भरले की एक अडचण लगेच लक्षात येते. शेत सर्वांत देखणे असते, तेव्हाच बहुधा कामाची सर्वाधिक घाई असते. ऐन काढणीत शे-दोनशे पाहुणे बोलावले, तर पिकाचीही आबाळ होते आणि पाहुण्यांचीही. म्हणून पेरणी आटोपून हात मोकळे झालेले दिवस, पीक फुलोऱ्यात असून आंतरमशागत (उभ्या पिकातील निंदणी-कोळपणी) उरकलेली असते तो काळ, किंवा काढणीची पहिली घाई ओसरल्यानंतरचा आठवडा असा सवडीचा काळ हेरावा.

कार्यक्रमासाठी काही वेगळे उभारण्याची सहसा गरज नसते. रोपे तयार करणे, कलम बांधणे, बियाणे निवडणे व त्याची देवाणघेवाण करणे, कंपोस्टचा ढीग लावणे, फळांची स्वतः तोडणी करणे यांपैकी शेतावर एरवीही होणारे एखादे काम निवडून लोकांना त्यात सहभागी करून घ्यावे. नुसती शेतफेरी तासाभरात संपते. हाताला काम मिळाले की माणसे रमतात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यांनाही घेऊन येतात. मात्र पहिल्या वर्षी एकच, फार तर दोन कार्यक्रम करावेत. चारही हंगामांची घोषणा एकदम करण्याचा मोह होतो, पण पहिल्या कार्यक्रमातील चुका उमगण्याआधीच दुसऱ्याची तयारी अंगावर येते.

तारीख पिकावरून मागे मोजत ठरवावी. सूर्यफुलाला पेरणीपासून फुलण्यापर्यंत जातीनुसार साधारण ५५ ते ७५ दिवस लागतात आणि एकाच दिवशी पेरलेला ताटवा थोडेच दिवस भरात राहतो. त्यामुळे दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरणी केल्यास बहराचा काळ बराच लांबवता येतो. मोठे भोपळे पक्व होण्यास बहुतेक जातींमध्ये ९० ते १२० दिवस लागतात. पण ते वेलावरून काढल्यानंतरही टिकत असल्याने तिथे तारीख थोडी मागेपुढे झाली तरी चालते. मऊ फळांबाबत ही मुभा नसते. थंडी लांबली किंवा आभाळ भरून राहिले, तर सगळे गणित आठवडाभर सरकू शकते. म्हणून सुरुवातीला नेमकी तारीख न देता दोन-तीन आठवड्यांचा कालावधी कळवावा आणि पिकाची अवस्था पाहून आठ-दहा दिवस आधी दिवस पक्का करावा.

पाहुण्यांची संख्या ठरवताना बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण शेत मोठे दिसते आणि वाहनांची जागा कोणी मोजत नाही. वळण्याची वाट धरून एका मोटारीला सुमारे २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या तुकड्यावर ३५ च्या आसपास मोटारी मावतात आणि एका मोटारीत तीन माणसे धरली, तर एका वेळी शंभरेक पाहुणे हीच आपली मर्यादा ठरते. त्याहून अधिक लोक हवे असतील, तर नावनोंदणी घेऊन वेळेच्या पाळ्या कराव्यात. हा तुकडा उंचवट्यावरचा आणि निचऱ्याचा असावा, कारण ओल्या जमिनीवरून वाहने गेली की माती खोलवर दाबली जाते आणि ते नुकसान पुढच्या हंगामातही भोगावे लागते. कार्यक्रमाच्या दिवशी जमीन वाफशावर, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून काम करण्याजोगी, नसेल, तर वाहने आत घेऊ नयेत, कितीही आग्रह झाला तरी.

पावसाचा निर्णयही आधीच ठरलेला असावा: कार्यक्रम रद्द करायचा की पुढे ढकलायचा, हे कोणी ठरवायचे आणि किती तास आधी कळवायचे, हे नोंदणी करतानाच सर्वांना सांगावे.

सुरक्षिततेला मात्र सर्वाधिक वेळ द्यावा. फवारणी केलेल्या पिकात किती काळ जाऊ नये आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, हे औषधाच्या वेष्टनावर दिलेले असते. पाहुणे स्वतः तोडून तिथेच फळ खाणार असतील, तर हे अंतर काटेकोरपणे पाळावेच लागते. ताज्या शेणखताचेही तसेच आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांनुसार मातीला टेकणाऱ्या खाद्य पिकाच्या काढणीआधी १२० दिवस, तर मातीला न टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी ९० दिवस न कुजलेले शेणखत टाकता येत नाही. आपल्याला ते मानक लागू नसले, तरी ही मर्यादा धरून चालावे.

जनावरे दाखवायची असतील, तर गोठ्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवरच वाहते पाणी आणि साबण ठेवावा. अल्कोहोलयुक्त जेल साबणाची जागा घेऊ शकत नाही. हात मळलेले असताना ते नीट काम करत नाही आणि जनावरांपासून पसरणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर त्याचा परिणाम होत नाही. खाण्याची जागा गोठ्यापासून दूर ठेवावी. पाच वर्षांखालील मुलांना अशा संसर्गांचा धोका अधिक असल्याने पालकांना तसे स्पष्ट सांगावे, आणि मेंढ्या विण्याच्या दिवसांत गर्भवती स्त्रियांनी मेंढ्या व नवजात कोकरांजवळ जाऊ नये, अशी पाटी लावावी. यंत्रांच्या किल्ल्या काढून ठेवणे, विहीर व तळ्याला कुंपण घालणे आणि विजेच्या कुंपणातील प्रवाह बंद करणे ही कामे आदल्या दिवशीच उरकावीत. त्यानंतर बाबागाडी ढकलत संपूर्ण वाटेवरून एकदा स्वतः फिरून यावे. जिथे चाक अडते, तिथेच उद्या कोणीतरी अडखळणार असते.

विमा आणि परवानग्यांची चौकशी दोन-तीन महिने आधी सुरू करावी. शेताच्या नेहमीच्या विम्यात पाहुण्यांना होणारी इजा धरलेली असतेच असे नाही, म्हणून विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. ज्या शेजाऱ्यांच्या बांधावरून किंवा रस्त्यावरून गर्दी जाणार आहे, त्यांना निमंत्रण सर्वांत आधी द्यावे.

खर्च मांडताना घरच्या माणसांचे श्रमही धरावेत. ते वगळले की कोणताही कार्यक्रम फायद्यात दिसतो. अपेक्षेच्या निम्मेच लोक आले तरी खर्च भागेल, असे शुल्क ठेवावे. कार्यक्रम विनामूल्य असला, तरी नोंदणीच्या वेळी अल्पशी अनामत रक्कम घेतल्यास नाव देऊन न येणाऱ्यांचे प्रमाण घटते. पंधरा-वीस पाहुण्यांमागे शेताची माहिती असलेला एक माणूस आणि पुरेशी स्वच्छतागृहे यांवर मात्र काटकसर करू नये. गैरसोय झालेली माणसे फुलांपेक्षा स्वच्छतागृहाबद्दलच अधिक काळ बोलतात.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांच्या आत सर्व मदतनिसांसह बसून गर्दी किती वाजता वाढली, रांग कुठे लागली, कोणते वाफे तुडवले गेले आणि लोकांनी पुन्हा पुन्हा काय विचारले, हे लिहून काढावे. पुढच्या कार्यक्रमाचा विषय बहुधा त्या प्रश्नांमध्येच सापडतो. वाहने उभी केलेली जागा वाफशावर आली की नांगरून मोकळी करावी आणि हा खर्चही त्याच कार्यक्रमाच्या हिशेबात लिहावा.