वारं गेलेल्या माणसाचं वजन : या चुका टाळा

“सर, आबांचं वजन झक्कास उतरलंय बघा की!” खानापूरच्या पुढच्या एका गावात मुलानं दारातच सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देतो मी. बेळगाव, चिकोडी, निपाणी, कुठंही जा, ही चूक ठरलेली.

आबांच्या अंगावरून वारं गेलेलं, म्हणजे लकवा. वजन ८२ किलो. डॉक्टर म्हणाले होते, “वजनावर लक्ष ठेवा.” घरच्यांनी ऐकलं, “वजन कमी करा.” भाकरी बंद, अंडी बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, दोन्ही वेळा पातळ पेज. मिश्री तेवढी चालू! दोन महिन्यांत काटा ७१ वर. उतरली होती ती चरबी कमी आणि मांडी जास्त. पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू आधीच झपाट्यानं झिजतात, त्यात पोटात प्रथिनं नाहीत. पहिल्या महिन्यात कॉटच्या कडेला बसणारे आबा आता धरूनही बसेनात, माकडहाडापाशी जखम. पंधरा दिवसांत चालवा म्हणणारी मंडळीही हीच.

मग डॉक्टरांना विचारून, किडनीचा रिपोर्ट बघून, अंडी, घट्ट वरण, दही सुरू केलं. साधारण किलोमागं दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, म्हणजे नुसत्या पेजेवर भागत नाही. जखम भरायला तीन महिने गेले.

माझी सवय सांगतो. दर रविवारी वजन. उभं राहता येत नसेल तर धान्याच्या मोठ्या काट्यावर खुर्ची ठेवून बसवायचं, खुर्चीचं वजन वजा करायचं. शिवाय शिंप्याच्या टेपनं पोटरीचा घेर, तोही चांगल्या पायाचा, कारण लुळा पाय सुजतो आणि फसवतो. महिन्यात शंभरामागं पाच किलो गेले तर मी थांबत नाही, डॉक्टरांना फोन लावतो.

दुसरं टोक व्हॉट्सॅपवरचं : “लकव्यानंतर जाड माणसं जास्त जगतात.” अर्धं खरं आहे. बऱ्याच पाहण्यांत किंचित जाड रुग्णांमधे मृत्यू कमी आणि अगदी किडकिडीत रुग्णांमधे जास्त दिसले. पण किडकिडीतांतले कितीतरी आधीच वयानं, दुसऱ्या आजारानं खंगलेले असतात, आणि जाड माणसाला लकवा मुळात कमी वयात येतो. तो फरक चरबीनं पडला असं कसं म्हणायचं? बीपी आणि साखर वाढवायला तीच चरबी हातभार लावते. तेव्हा गोड कुंद्याचा डबा उघडायला हा पुरावा काढू नका. वजन उतरवायचंच असेल तर माणूस उठून चालायला लागल्यावर, सावकाश.

बाकीच्या पटापट. गिळायची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. आडवं झोपवून तर कधीच भरवू नका, अन्न फुफ्फुसात जातं. जड माणसाला लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो.

आणि लकवा आल्या आल्या दवाखान्यात वजन विचारलं तर “असेल साठ-सत्तर” म्हणू नका. गुठळी विरघळवायचं अल्टेप्लेज साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात, तेही किलोमागं ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. माझ्या आईचा आकडा मी औषधाच्या डबीवरच पेननं लिहून ठेवलाय, ५८.