इंटिग्रेशन टेस्ट फास्ट पण हव्यात आणि खऱ्या पण, मग काय करायचं

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात बसून मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला आमच्या इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे आपला कोड डेटाबेससकट एकत्र तपासणाऱ्या टेस्ट, मेमरीतल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालायच्या, एकदम फटाफट, सगळं हिरवं, आणि तरी एका मुहूर्ताला एकच हॉल दोन लग्नांना गेला. दोन बुकिंग अगदी एकाच वेळी आली होती, आणि एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं त्यामुळे ही टक्कर टेस्टमध्ये कधी झालीच नव्हती. मुलीच्या काकांना फोन मी केला होता. तेव्हापासून टेस्टला पण आमचा खरा डेटाबेस पोस्टग्रेसच, आणि तेच व्हर्जन जे लाइव्ह सर्व्हरवर आहे.

पण मग टेस्ट स्लो होतात ना? होतात, म्हणून आधी वेळ कुठे जातोय ते मोजा. आमच्याकडे क्वेरीत जवळपास काहीच जात नव्हता, सगळा वेळ कंटेनर (ज्या वेगळ्या डब्यात टेस्टचा डेटाबेस चालतो तो) उठवण्यात, मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं बनवणाऱ्या स्क्रिप्ट) चालवण्यात आणि कोणीतरी कधीतरी टाकलेल्या "दहा सेकंद थांब" मध्ये जात होता.

तर पहिलं काम, कंटेनर पूर्ण रनसाठी एकदाच उठवा, प्रत्येक टेस्टला नवा नको. आणि ते थांबवणारं स्लीप काढून टाका, त्याच्या जागी दर थोड्या मिलिसेकंदांनी कनेक्ट करून बघा आणि जमलं की पुढे जा. लॉग बघून ठरवणार असाल तर लक्षात ठेवा, पोस्टग्रेसची डॉकर इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो तयार साचा) रिकाम्या डेटावर पहिल्यांदा उठताना सर्व्हर दोनदा सुरू करते, त्यामुळे "कनेक्शन घ्यायला तयार" ही ओळ दोनदा येते, पहिलीवर विश्वास ठेवला की टेस्ट कधी चालते कधी पडते.

मग मायग्रेशन. ती एकाच डेटाबेसवर एकदा चालवा आणि त्याला टेम्प्लेट बनवा, नंतर क्रिएट डेटाबेसमध्ये टेम्प्लेट देऊन प्रत्येक वर्करला, म्हणजे एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला, त्याची कॉपी द्या. कॉपी करताना टेम्प्लेटला कुठलंही कनेक्शन जोडलेलं नको, नाहीतर पोस्टग्रेस सरळ नाही म्हणतं. एफसिंक, सिंक्रोनस कमिट आणि फुल पेज राइट्स, ही डेटा डिस्कवर सुरक्षित ठेवणारी तिन्ही सेटिंग ऑफ करा, डेटा टीएमपीएफएसवर म्हणजे रॅममध्ये ठेवा. लाइट गेली तर डेटा खराब होईल पण तो टेस्टचाच डेटा आहे, आणि क्वेरीचं उत्तर किंवा कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) यात जराही बदलत नाही. लाइव्हवर मात्र हे चुकूनही करू नका.

टेस्टने टाकलेल्या डेटाच्या साफसफाईत बरेच लोक अडकतात. टेस्टच्या शेवटी रोलबॅक करणं, म्हणजे बदल कमिट (कायम) न करता मागे घेणं, सगळ्यात फास्ट, पण टेस्ट जर एचटीटीपीने वेगळ्या चालू सर्व्हरला हाक मारत असेल तर त्या सर्व्हरचं कनेक्शन वेगळं, त्याला तुमचा कमिट न झालेला डेटा दिसणारच नाही. शिवाय कमिटच्या वेळी तपासले जाणारे डिफर्ड कन्स्ट्रेंट रोलबॅकमध्ये कधी तपासलेच जात नाहीत. म्हणून रिपॉझिटरी लेव्हलच्या (थेट डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडच्या) टेस्टला रोलबॅक, आणि सर्व्हरमधून जाणाऱ्यांना ट्रंकेट (टेबलं रिकामी करणं), असं आम्ही वाटून घेतलंय.

पेमेंट गेटवे, एसएमएस, हे आपल्या हातातलं नाही, ते खोटं चालेल. पण फंक्शन मॉक करू नका, म्हणजे कोडमध्येच खोटं फंक्शन बसवू नका, ठरलेली उत्तरं देणारा छोटा स्टब सर्व्हर उभा करा म्हणजे टाइमआउट, पाचशेचा (सर्व्हर बिघडल्याचा) एरर, अर्धवट तुटलेलं उत्तर हे सगळं खऱ्या नेटवर्कवरून येईल. स्टबला पोर्ट शून्य द्या, ओएस रिकामा पोर्ट स्वतः देते, वर्कर भांडत नाहीत. गेटवेच्या खऱ्या सँडबॉक्सशी (त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरशी) बोलणाऱ्या मोजक्या टेस्ट रात्री चालवा, कोडच्या प्रत्येक पुशला नको.

आणि ती दोन लग्नांची टेस्ट जरूर लिहा. हॉल आणि तारखांच्या रेंजवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकाच हॉलच्या तारखा एकमेकांवर येऊ न देणारा नियम, लावा, हॉलच्या आयडीसाठी बीट्री जिस्ट एक्स्टेंशन लागतं, मग दोन थ्रेडमधून एकाच तारखेचं बुकिंग एकदम पाठवा. एक पास झालं पाहिजे आणि दुसऱ्याला पोस्टग्रेसने २३पी०१ हा एरर कोड देऊन परत पाठवलं पाहिजे.