विंडोज न पुसता शेजारी उबुंटू: सी ड्राइव्ह कसा कापायचा

बेळगावातल्या डीटीपीवाल्याला विंडोज सोडून चालत नाही. पत्रिकेचा मराठी मजकूर श्रीलिपीत, बॅनरचा कन्नड मजकूर नुडीत, आणि दोन्ही विंडोजवर. निपाणीत तंबाखूचा धंदा असेल तर हिशेब टॅलीत. त्याच घरातल्या इंजिनियरिंगच्या पोराला लॅबसाठी उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) हवं असतं. लॅपटॉप एकच. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "फॉरमॅट मार आणि दोन्ही नव्यानं टाक की!" ऐकू नका. विंडोज आहे तिथंच राहतं, शेजारी जागा तेवढी करायची असते. ती जागा करणं हेच अवघड काम.

बॅकअप घेतलाय आणि रुफस या फुकट प्रोग्रॅमनं उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार आहे, असं धरून चालतो. चार्जर लावा. पावसाळ्यात खानापूर भागात असाल तर बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय सुरुवातच करू नका. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) हलत असताना मशीन बंद पडलं तर कुणाला बोल लावणार?

आधी कुलूप काढा

विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला सांकेतिक कुलूप लागतं. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर बंद करा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा. नाहीतर बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती खात्यात असते हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

जागा करणे

डिस्क मॅनेजमेंट उघडा. डी ड्राइव्ह असेल आणि त्यात जागा असेल, तर तोच लहान करा आणि पुढच्या पायरीवर जा. सी ड्राइव्हच्या वाटेला जायची गरजच नाही.

एकटा सी असेल तर खरी गंमत सुरू होते. ड्राइव्हवर 200 जीबी मोकळे दिसतात, पण 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबल्यावर विंडोज जेमतेम 10-12 जीबी सोडायला तयार होतं. या आकड्यापुढे मी सुरुवातीला बराच झगडलो आहे, आणि तेव्हा मिळालेला सल्ला एकच: डीफ्रॅग कर, म्हणजे विखुरलेल्या फाइली एकत्र लाव. काही उपयोग होत नाही. एसएसडीवर तर ते करूच नका.

कारण साधं आहे. श्रिंक करताना ड्राइव्हचा शेवटचा भाग कापला जातो. गाडी सगळी रिकामी, पण मागच्या सीटवर एक आजोबा गाढ झोपलेले, असं होतं; त्यांना उठवल्याशिवाय मागचा भाग सोडवता येत नाही. हे आजोबा म्हणजे विंडोज चालू असताना जागचे न हलणाऱ्या फाइली: हायबरनेशनची (झोपताना मेमरी जपून ठेवणारी), पेजिंगची (रॅम अपुरी पडली की वापरायची) आणि रिस्टोअर पॉइंटच्या (विंडोज मागच्या स्थितीत न्यायच्या).

तिघांनाही उठवा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी लिहा, जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि एच, पुन्हा जागा सोडून ऑफ. यानं फास्ट स्टार्टअपही (विंडोज लवकर सुरू व्हायची सोय) बंद होतं आणि ते तसंच ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मग उबुंटूतून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. नंतर ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरीला 'नो पेजिंग फाइल' करून 'सेट' दाबा. सिस्टम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट पुसा. रीस्टार्ट करा आणि श्रिंकचा आकडा पुन्हा बघा. बहुतेक वेळा तो भरपूर वाढलेला असतो.

तरीही अडलं तर अंदाज बांधत बसू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत 259 नंबरची नोंद शोधा. वाट अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव तिथं लिहिलेलं असतं.

आकडा एमबीत भरायचा असतो: 60 जीबी हवे तर 61440. उबुंटू 25 जीबीत बसतं, पण महिन्याभरात कुरकुर सुरू होते. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून काळी दिसली की हात काढून घ्या. तिथं नवा व्हॉल्यूम करू नका, शेजारच्या रिकव्हरी पार्टिशनला हात लावू नका. पेजिंग फाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन लगेच पुन्हा चालू करा, हे लोक हमखास विसरतात.

विंडोज 7 च्या काळातला लॅपटॉप असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या मांडणी पद्धतीची असते आणि त्यात चारच प्रायमरी पार्टिशन चालतात. चार आधीच भरलेली असतील तर विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का विचारतं. कुणी काही सांगू दे, 'नो' दाबा.

इन्स्टॉलर

पेनड्राइव्हवरून बूट करा. डेल, लेनोव्होवर एफ 12, एचपीवर एफ 9. 'इरेज डिस्क'ला हात लावू नका. शेजारी बसवायचा पर्याय दिसला तर तोच घ्या. नाही दिसला तर मॅन्युअलमध्ये जाऊन मोकळ्या जागेवर एक्स्ट4 (लिनक्सचा फाइल ठेवायचा प्रकार) पार्टिशन करा आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ द्या. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं) विंडोजचंच वापरायचं, फॉरमॅटची खूण त्याच्यासमोर असता कामा नये. स्वॅप (उबुंटूची पेजिंग जागा) वेगळं करायला सांगणारे जुने लेख वाचू नका, उबुंटू स्वतःच स्वॅप फाइल करतं.

नंतर कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) दोन्ही जोडा. क दोन्हीकडे एकाच बटणावर असतो, त्यामुळे एक जमलं की दुसरं निम्मं जमलं.

घड्याळ

विंडोजमध्ये परत आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेली म्हणून दुकानात पळू नका. विंडोज मशीनमधली वेळ भारतीय समजतं, उबुंटू तीच वेळ ग्रीनिचची समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, 1 एवढं एकदा टाका. मग विंडोजमध्ये येऊन वेळ दुरुस्त करा. टॅलीत व्हाउचर टाकण्याआधी मात्र तारीख बरोबर आहे ना ते बघून घ्या.