नेमबाजी करताना कानांच्या बाबतीत या चुका टाळा

रेंजवर पहिल्यांदा येणारा माणूस बंदुकीविषयी भरपूर वाचून आलेला असतो, काडतुसांची वजने त्याला तोंडपाठ असतात, आणि कानांसाठी मात्र त्याने निघताना हाताला लागेल ते उचललेले असते. हे इतक्या वेळा पाहण्यात आले आहे की त्याविषयी स्पष्ट लिहिणे आता गरजेचे वाटते. पॉइंट टू-टू रायफलचा बार साधारण १४० डेसिबलच्या आसपास असतो, तर मोठ्या कॅलिबरची, म्हणजे जास्त व्यासाच्या नळीची, पिस्तुले आणि रायफली १५५ ते १७० डेसिबलपर्यंत जातात. क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबल हीच धोक्याची मर्यादा मानली जाते, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. अंतर्कर्णातील ज्या केशपेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. "दोन-चार गोळ्यांनी काय होते?" असे विचारणाऱ्यांना म्हणूनच सांगावे लागते की कायमच्या नुकसानीला एक गोळीसुद्धा पुरते.

सर्वांत जास्त दिसणारी आणि मला सर्वांत जास्त खटकणारी चूक म्हणजे फोमचा इअरप्लग कानाच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेवणे. एका बंदिस्त रेंजवर मी पोहोचलो तेव्हा एक गृहस्थ बाकावर दोन्ही कान दाबून बसले होते. शेजारच्या लेनमध्ये आखूड नळीच्या रायफलला मझल ब्रेक लावून कोणीतरी फैरी झाडत होते. मझल ब्रेक हा नळीच्या तोंडाशी बसवायचा जोड धक्का कमी करतो खरा, परंतु त्यासाठी तो स्फोटाचा वायू बाजूंना वळवतो आणि शेजाऱ्याच्या कानांवर त्याचा पूर्ण भार पडतो. त्यातच बंदिस्त जागेत भिंतींवरून आवाज परत येतो. गृहस्थांच्या कानांना दडे बसले होते आणि डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. त्यांचे म्हणणे एकच होते की पाकिटावर तर ३३ डेसिबल आवाज कमी होतो असे लिहिले आहे. प्लग तेव्हाही त्यांच्या कानांतच होते आणि त्यांची नारिंगी टोके समोरून सहज दिसत होती. त्यांनी प्लग काढून हातावर ठेवला तेव्हा त्याचे फक्त टोक, जेमतेम नखाएवढे, दबलेले होते. बाकीचा सगळा फोम फुगलेलाच होता, म्हणजे तो कानाच्या नळीत गेलाच नव्हता. तज्ज्ञांकडे ते त्याच दिवशी गेले. दडे पुढे सुटले, पण शिट्टी राहिली, आणि श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसला. गोळीबाराने बिघडलेल्या कानांत असा खड्डा वारंवार आढळतो. चार माणसे एकदम बोलू लागली की आता त्यांना शब्द नीट उमजत नाहीत.

प्लग बसवायला फार तर एक मिनिट लागते, आणि ते मिनिटच लोकांना जड जाते. आधी हात धुवावेत, कारण काडतुसे हाताळलेल्या बोटांवर शिसे असते आणि तेच बोट फोमवर फिरते. मग वात वळावी तसा प्लग बोटांमध्ये वळून, त्यावर सुरकुती राहू न देता, शक्य तितका बारीक करावा. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून फोम पूर्ण फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. मी हे काम नेहमी रेंजच्या दाराबाहेर शांततेत उरकतो, कारण आत फैरी सुरू असताना घाई होणारच. नंतर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहावे. आवाज आणखी लक्षणीय कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही असे समजून तो काढावा आणि पुन्हा बसवावा.

पाकिटावरच्या आकड्यावरची श्रद्धा हे याच चुकीचे दुसरे रूप आहे. साधनाने आवाज किती डेसिबलने कमी होतो हे सांगणारा एनआरआर हा अमेरिकी पद्धतीचा आकडा आणि एसएनआर हा युरोपीय. दुसरा सहसा मोठा दिसतो, त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत, सलग चालणाऱ्या आवाजावर, काळजीपूर्वक बसवलेल्या साधनांनी काढलेले असतात. प्रत्यक्ष वापरात काय हाती लागते याचा अंदाज बांधताना कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ मध्ये इअरमफच्या (वाट्यांनी कान पूर्ण झाकणाऱ्या साधनाच्या) आकड्यातून २५ टक्के, फोमच्या प्लगच्या आकड्यातून ५० टक्के आणि इतर प्लगच्या आकड्यातून ७० टक्के वजा करण्यास सांगितले होते. म्हणून दोन-तीन आकारांचे प्लग आणून आपल्या कानात जो खरोखर बसतो तोच घ्यावा, त्याच्या पाकिटावरचा आकडा थोडा लहान असला तरी चालेल.

इअरमफ घेणाऱ्यांची हमखास चूक चष्म्याची असते. डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा हवाच, पण त्याची जाड काडी मफच्या गादीखालून गेली की तिथे फट राहते आणि आवाज त्या फटीतून सरळ आत येतो. टोपीची कड आणि लांब केस हेच करतात. पातळ, चपट्या काड्यांचा चष्मा वापरावा आणि मफ लावल्यावर गादीच्या कडेने सगळीकडे बोट फिरवून ती त्वचेला टेकली आहे ना हे पाहावे. गादी कडक झाली किंवा तिला चिरा पडल्या, तर ती बदलावी. घामाने आणि वापराने ती वर्षभरातही निकामी होऊ शकते, आणि बहुतेक चांगल्या मफना गाद्यांचा सुटा जोड मिळतो. रायफलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दस्त्याला गाल टेकवताच मफची जाड वाटी दस्त्यावर आपटून वर उचलली जात असेल, तर नेमक्या गोळी सुटण्याच्या क्षणी कान उघडा पडतो. त्यासाठी पातळ वाट्यांचे मफ घ्यावेत. दुकानात ते नुसते डोक्यावर घालून पाहणे पुरेसे नाही, नेम धरण्याच्या पवित्र्यात घालून पाहावेत.

इलेक्ट्रॉनिक मफ मला मनापासून आवडतात, कारण त्यांतून प्रशिक्षकाच्या सूचना ऐकू येतात आणि साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज त्यांचे यंत्र आत पोहोचवत नाही. मात्र कानाचे रक्षण त्यांची वाटी आणि गादी करतात, आतले यंत्र नव्हे, त्यामुळे वाटी सुमार असेल तर महागड्या यंत्राचा उपयोग नाही. गाणी ऐकण्याचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे यासाठी बनलेले नाहीत आणि गोळीच्या आवाजापुढे त्यांचे तंत्र चालत नाही. कापसाचे बोळे, कागद आणि रिकाम्या काडतुसांच्या पुंगळ्या यांना संरक्षण म्हणू नये. आपली पाळी संपली म्हणून मफ मानेवर उतरवू नयेत, कारण शेजाऱ्याच्या गोळ्या अजून संपलेल्या नसतात. सोबत आलेल्या पाहुण्यांना आणि मुलांनाही साधने हवीत, आणि मुलांना मोठ्यांचे मफ सैल होतात.

बंदिस्त रेंज, मोठे कॅलिबर, आखूड नळी किंवा मझल ब्रेक यांपैकी काहीही असेल, तर प्लग आणि त्यावर मफ अशी दोन्ही साधने वापरावीत. दोन आकड्यांची बेरीज होते असा समज चुकीचा आहे. मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, आणि त्यापुढे आवाज कवटीच्या हाडांतून आत पोहोचतोच. तरीही मी दोन्हींचा आग्रह धरतो, कारण एक साधन सरकले तरी दुसरे जागेवर असते. वर सांगितलेल्या इलेक्ट्रॉनिक मफचा आवाज थोडा वाढवला की खाली प्लग असतानाही सूचना ऐकू येतात, त्यामुळे "मग काही ऐकूच येत नाही" ही सबबही उरत नाही.

फैरीनंतर कानात शिट्टी वाजू लागली किंवा दडे बसले, तर तिथेच थांबावे. उद्यापर्यंत बरे होईल म्हणून उरलेली काडतुसे संपवणारे पुष्कळ जण पाहिले आहेत, आणि त्यांचा हा उतावीळपणा मला अजिबात पटत नाही. लक्षणे राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच गाठावे, कारण अशा दुखापतीत उपचाराला झालेला उशीर भरून निघत नाही. नियमित नेमबाजांनी सुरुवातीलाच एक श्रवणचाचणी करून तिचा आलेख जपून ठेवावा आणि दरवर्षीचा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा. तपासणीच्या वेळी आपण रायफल कोणत्या खांद्यावरून चालवतो हेही डॉक्टरांना सांगावे, कारण उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो, त्यामुळे ऱ्हास बहुधा डाव्या कानात आधी दिसतो.